बोरीची साल

सकाळी साडेनऊला सोनमनं आपलं पोस्टर बोर्डावर चिकटवलं आणि ते सरळ लागलंय की तिरकं, हे न बघताच ती समोरच्या रांगेतल्या चौतीस नंबरच्या बोर्डाकडं बघत उभी राहिली. तो बोर्ड अजून मोकळा होता. तिथं साईराजचं पोस्टर लागणार होतं, आणि ते आपल्या पोस्टरची नक्कल असणार याबद्दल तिच्या मनात तीळभर शंका उरली नव्हती. बॅगेत तक्रारीचा अर्ज तयार होता. फक्त तारीख टाकायची बाकी होती.

विद्यापीठाचं संशोधन प्रदर्शन यंदा सांगलीतल्या एका कॉलेजला मिळालं होतं. एम.एस्सी.ची, पीएच.डी.ची पोरं वर्ष-दोन वर्षांचं काम तीन बाय चार फुटांच्या कागदावर बसवून आणत, त्याच्याशेजारी दिवसभर उभी राहत आणि परीक्षक आले की पाच मिनिटांत घडाघडा म्हणून दाखवत. कुणी द्राक्षांच्या रोगावर काम केलं होतं, कुणी हळदीवर, आणि एकानं सांगलीच्या डासांवर. डासवाल्यापुढं सकाळपासूनच गर्दी, कारण त्या विषयात इथं प्रत्येकजणच जाणकार.

सोनमचा विषय मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांचा. पोरगी माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. बाप, धनाजी, मुंबईत गोदामावर कामाला. मेंढरं सगळी आज्जाकडं. आज्जाचं नाव बिराप्पा. पंच्याहत्तरी गाठलेला म्हातारा, पण त्याच्या कळपात जंतानं मेंढरू दगावल्याचं पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळी झाली की तो एक काढा करायचा आणि बांबूच्या नळकांड्यानं एकेका मेंढराच्या घशात ओतायचा. काढ्यात काय असतं ते तो सांगत नसे. सांगितलं की औषधाचा गुण जातो, एवढंच त्याचं उत्तर. जनावरांचा सरकारी डॉक्टर एकदा खास त्यासाठी जीप घेऊन आला होता. चहा पिऊन परत गेला.

आणि ते औषध आज्जानं सोनमला सांगितलं होतं. गेल्या मे महिन्यात, विहिरीच्या काठावर बसून, आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा बघून. बोरीची साल रात्रभर भिजत घालायची, सकाळी उकळायची, कडुलिंबाचा पाला वाटून घालायचा, वर गुळाचा खडा. घरात तीन चुलतभाऊ असताना त्याला सांगावंसं वाटलं ते हिला. त्या दिवशी सोनम घरी आली ती वीतभर उंच होऊनच. पुढचे आठ दिवस तिनं माळावरच्या बोरी सोलल्या, हात ओरबाडून घेतले, आणि तिच्या आईनं, रंगुबाईनं, ती साल पत्र्यावर पसरून, उलथीपालथी करून वाळवून दिली. आई कधी जास्त बोलायची नाही. त्या वेळीही बोलली नाही.

मग सांगलीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुरू झालं खरं काम. माधवनगरला राहायची खोली. तिथून सकाळी सहाला सायकलवरून खाटकाकडं जायचं, कापलेल्या मेंढीच्या पोटातले जंत बाटलीत धरायचे, काचेच्या बशांत मिठाच्या पाण्यात सोडायचे, एकीत औषध घालायचं, एकीत नाही, आणि दर तासाला किती वळवळतात ते मोजायचं. खोलीतल्या पोरींनी आपले डबे तिच्यापासून लांब ठेवायला सुरुवात केली. पण जंत काही मरेनात. शंभरातले ऐंशी नुसत्या मिठाच्या पाण्यात संध्याकाळपर्यंत वळवळत, तर औषधात पंच्याहत्तर. एकदा केलं, दोनदा केलं, सात वेळा केलं. पंच्याहत्तरचे सत्तर काही होईनात.

सोनम मुळातच संशयी. तिनं आधी खाटकावर संशय घेतला, की हा शिळे किडे देतोय. मग लॅबमधल्या मामांवर, की बशा नीट धूत नाहीत. मग गुळावर, की केमिकलचा आहे. शेवटी स्वतःच्या हातावर आली. एवढी संशयाची वरात तिनं गावभर फिरवली, पण ती आज्जाच्या दारावरून एकदाही गेली नाही. तिच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम म्हणाल्या की औषध चालत नाही असं निघालं तरी तो निष्कर्षच असतो, लिहून टाक. तिनं पोस्टरवर लिहिलं तसं, पण लाजत लिहिलं. आज्जाचं औषध खरं, माझंच काहीतरी चुकलं, हे तिच्यापुरतं काळ्या दगडावरची रेघ होतं.

आता साईराजचं. साईराज कोरेगावचा, सुभेदार उदयसिंहांचा मुलगा. उदयसिंह पलटणीतून निवृत्त होऊन ऊस बघायचे. ऊस तुटून रान मोकळं झालं की बिराप्पा दरसाल आपली मेंढरं त्यांच्या रानात बसवायचा. रानाला लेंडीखत मिळायचं, म्हाताऱ्याला ज्वारीचं पोतं आणि कळपाला पाणी. तीन पिढ्यांचा हा रिवाज. साईराजला सोनम लहानपणापासून तोंडओळखीनं ओळखत होती. तो साताऱ्याच्या कॉलेजात, तिच्याच वर्षाला, तिच्याच विषयात होता.

ऑक्टोबरात कऱ्हाडला दोन दिवसांची कार्यशाळा झाली, तिथं दोघं एका बाकावर बसले होते. सोनम जेवायला गेली ती वही बाकावर विसरून. परत आली तर वही साईराजच्या हातात. तिला बघताच त्यानं ती मिटून दिली. नुसता हसला. डिसेंबरात त्याचा फोन आला, की किडे मिठाच्या पाण्यात किती वेळ टिकतात. हिनं भाबडेपणानं सगळं सांगितलं. त्यानंतर त्यानं मेसेजला उत्तर देणं सोडलं. आणि जानेवारीत प्रदर्शनाची यादी ग्रुपवर आली, तेव्हा बारा नंबरला सोनम आणि चौतीसला साईराज, विषय दोघांचा एकच: माणच्या मेंढपाळांचं जंतावरचं औषध. तिनं लगेच फोन लावला. त्यानं कापला. मागून मेसेज आला, ‘प्रदर्शनात भेटू.’

यात पाणी कुठं मुरतंय हे कळायला एम.एस्सी. लागत नाही. सोनमनं त्याच दिवशी अर्ज लिहायला घेतला. संयोगिता मॅडमनी तिला समजावलं की विषय सारखा असला म्हणजे चोरी होत नाही, आणि चोरीचा अर्ज दिला की त्या पोराचं वर्ष जाईल, कदाचित पुढचं सगळंच जाईल; तेव्हा आधी त्याचं पोस्टर बघ. पण सोनमला साईराजच्या वर्षाशी घेणं नव्हतं. तिला जंतांशीसुद्धा फारसं घेणं उरलं नव्हतं. आज्जानं तिच्या एकटीच्या हातात ठेवलेली गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तरी बोर्डावर लागणार होती, आणि ते तिला सोसत नव्हतं.

दहा वाजता पांढरी गाडी कॉलेजच्या फाटकात आली. आधी उदयसिंह उतरले. मग साईराज, काखेत पोस्टरची नळी घेऊन. मग त्यानं मागचं दार उघडलं आणि हात धरून उतरवलं ते बिराप्पाला.

सोनम व्हरांड्यात खांबाला टेकून बघत राहिली. आज्जाला प्रदर्शनाला या म्हणून तिनंच निरोप धाडला होता. पण येणार ते एसटीनं, असं ठरलं होतं. तो उतरला तो चोराच्या गाडीतून, आणि पायऱ्या चढताना साईराजच्या खांद्यावर हात ठेवून, काहीतरी सांगत. तिला बघून साईराज थांबला. मान खाली घातली. आज्जानं मात्र लांबूनच विचारलं की जेवलीस का.

ती जेवली नव्हती, पण जेवलेय म्हणाली. म्हाताऱ्याला यांनी गोड बोलून गुंडाळलाय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ज्वारीच्या पोत्यापुढं बिचारा काय बोलणार. तिला आज्जाची कीव आली आणि त्या कीवेनं राग आणखी भडकला.

चौतीस नंबरवर पोस्टर लागलं तशी ती जाऊन उभी राहिली. पद्धत तीच. बशा त्याच, मिठाचं पाणी तेच, तासातासाची मोजणीही तीच. काढा तोच: रात्रभर भिजवलेली साल, कडुलिंबाचा पाला, गूळ. फक्त सालीचं झाड वेगळं होतं. त्यानं लिहिलं होतं, हिंगण. आणि आकडा असा, की शंभरातले संध्याकाळी नऊ वळवळत होते.

बोर आणि हिंगण. दोन्ही माणच्या माळावरची, दोन्ही काटेरी. सोनमला वाटलं, काय पण डोकं आहे. सगळं उचललं आणि पकडलं जाऊ नये म्हणून एका झाडाचं नाव तेवढं बदललं. नऊचा आकडाही घरी बसून काढलेला असणार. साईराज मागं येऊन उभा होता. त्यानं हळूच म्हटलं की तिच्याशी पाच मिनिटं बोलायचं आहे. आता परीक्षकांपुढंच बोल, असं सांगून ती सरळ कार्यालयात गेली. अर्जावर तारीख टाकली, खाली आणखी एक ओळ वाढवली की आकडेही बनावट आहेत, आणि अर्ज टेबलावर ठेवला. टेबलामागच्या माणसानं तो वाचला, मग तिच्याकडं बघितलं, मग पुन्हा वाचला.

बारा वाजता बोलावणं आलं. प्राचार्यांच्या खोलीशेजारच्या खोलीत तीन परीक्षक होते. मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीला बांधलेल्या एक बाई होत्या, त्याच अध्यक्ष. एका बाजूला सोनम आणि संयोगिता मॅडम. दुसऱ्या बाजूला साईराज एकटाच, उदयसिंहांना बाहेर थांबवलेलं. बाईंनी दोन्ही वह्या समोर मांडल्या आणि तारखा बघितल्या. सोनमची वही आठ महिने जुनी, साईराजची दीड. त्यांनी साईराजला विचारलं की कऱ्हाडला हिची वही वाचलीस का. तो हो म्हणाला. वाचूनच हा विषय सुचला, हेही म्हणाला. सोनमनं मॅडमकडं बघितलं, आता तरी पटलं ना अशा नजरेनं.

बाई म्हणाल्या, विषय सुचणं हा गुन्हा नाही. प्रश्न आहे तो औषधाचा. ते कुठून मिळालं? साईराज खाली बघून म्हणाला की ते सांगता येणार नाही, शब्द दिलाय.

यावर सोनमला हसू आलं. तिनं बाईंना सांगितलं की यात सांगता न येण्यासारखं काही नाही. औषध तिच्या आज्जाचं आहे, त्यांनी ते तिच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही आणि ते आज इथंच आहेत. त्यांनाच बोलवा. साईराजनं पटकन मान वर केली आणि तो म्हणाला, नको. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून सोनमला बरं वाटलं.

बिराप्पा आला. घोंगडी खांद्यावर, पायांतलं पायताण दाराबाहेर काढून ठेवलेलं. खुर्ची दिली तर तिच्या कडेवर बसला. बाईंनी त्याला आदरानं विचारलं की बाबा, मेंढरांच्या जंताचं तुमचं औषध आहे, त्यात साल कशाची? बिराप्पानं खोलीभर नजर फिरवली. म्हणाला, त्याला कागदातलं काही कळत नाही. बाई म्हणाल्या, कागदातलं नाही, झाडाचं विचारतेय. त्यावर त्यानं उत्तर दिलं की झाडं काय, लय असतात.

सोनमला वाटलं म्हातारा उदयसिंहांना भितोय. ती उठून त्याच्यासमोर गेली आणि खाली बसली.

“आज्जा, भिऊ नगा. खरं ते सांगा. मला कुठली साल सांगितली व्हती तुमी?”

“बोर,” बिराप्पा म्हणाला.

“बघा,” सोनम बाईंकडं वळली.

पण बाई बिराप्पाकडंच बघत होत्या. त्यांनी विचारलं, “आणि मेंढरांना कुठली पाजता?”

खोलीत पंखा फिरत होता. बिराप्पानं घोंगडीचं टोक दोन बोटांत धरलं आणि ते चुरत बसला. सोनम त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिला पहिल्यांदा कळलं की तो तिच्याकडं बघत नाही.

“हिंगण,” तो म्हणाला.

सोनमला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, म्हाताऱ्याला पढवून आणलंय. ती उभी राहिली, साईराजकडं बोट केलं आणि विचारलं की यानं तुम्हाला काय दिलं. बिराप्पानं डोकं हलवलं.

“त्येनं काय दिलं न्हाई. इचारलं, म्हून सांगितलं. रानात बसलो व्हतो, शेकोटी व्हती. मी म्हनलं, सांगतो, पर आमच्या सोनमला बोलू नगंस.”

“त्याला खरं आन मला खोटं?”

“त्येच्याकडं मेंढरं हायती का?” बिराप्पा समजावणीच्या सुरात म्हणाला, लहान पोराला सांगावं तसं. “ऊसवाला गडी. त्येला औषध ठावं झालं तर त्यो काय करनार? कागुद रंगवील न् गप बसंल. तू उद्या लगीन हून दुसऱ्याच्या वाड्यावर जानार. त्येंची मेंढरं असनार. आपलं औषध त्येंच्या मेंढराला जानार. लेकीला कवा सांगत न्हाईत, पोरी. माझ्या बानं माझ्या भनींना सांगितलं न्हाई. सुनंला सांगत्यात. तुज्या आईला ठावं हाय.”

शेवटचं वाक्य तो इतक्या सहज बोलला की सोनमच्या कानावर ते आधी नुसतं आदळलं. मग तिला पत्र्यावरची साल दिसली. आईचे हात दिसले, साल उलटीपालटी करणारे. आठ दिवस ऊन देऊन आईनं बोरीची साल वाळवली होती, पोत्यात भरली होती, पोत्याचं तोंड शिवून एसटीत ठेवून दिलं होतं.

तिकडं साईराज बाईंना सांगत होता की वहीत बोर वाचलं तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं. डिसेंबरात बिराप्पाबाबांनी हिंगण सांगितलं आणि शब्द घेतला, तेव्हा सगळं ध्यानात आलं. फोन उचलायचं धाडस झालं नाही. आज सकाळी सांगणार होता. त्याचं म्हणणं खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. सोनम चुकीच्या झाडावर सात-सात वेळा जंत मोजत बसलीय हे दीड महिना माहीत असून हा आपली बशी भरत राहिला, आणि पहिला नंबर डोळ्यांपुढं असल्यावर शब्द पाळणं अवघड जात नाही. बाईंनाही ते दिसलं असावं. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, की तू चोरी केली नाहीस, पण मान ताठ करून जाण्यासारखंही काही केलं नाहीस.

सोनमनं अर्ज मागं घेतला. साईराजला खोलीतच, सगळ्यांदेखत, चुकलं म्हणाली. तिथं तिनं काटकसर केली नाही. तो काहीतरी पुटपुटला. बिराप्पा पायताण शोधत बाहेर गेला. त्याच्या दृष्टीनं एवढ्या-तेवढ्यावरून पोरीनं उगाच डोक्यात राख घालून घेतली होती.

व्हरांड्याच्या टोकाला जाऊन तिनं आईला फोन लावला. रंगुबाई कोरेगावच्या रानातच होती, मागं मेंढरांचा आवाज येत होता. सोनमनं एकच विचारलं, की आई, साल हिंगणाची असते हे तुला माहीत होतं का.

“व्हय,” रंगुबाई म्हणाली.

“मग बोललीस का न्हाईस? आठ दिस माझ्यासंगं साल वाळवत व्हतीस तू.”

“काय बोलू? माझ्या बानं मला बी निरगुडीचा पाला सांगितला व्हता. हितं आले, तवा तुज्या आजीनं खरं सांगितलं.” मग पोरीची समजूत घालायची म्हणून आई म्हणाली, “तुला बी कळलंच असतं की गं. लगीन झाल्यावर सासू सांगतीच.”

सोनमनं फोन ठेवला. तिला रडू आलं आणि ती रडली, भिंतीकडं तोंड करून, नाक पुसायला ओढणी वापरत. दोन मुली पोस्टरच्या नळ्या घेऊन बाजूनं गेल्या. त्यांना वाटलं नंबर गेला म्हणून रडतेय. राग कुणावर धरावा हे तिला कळत नव्हतं. आज्जावर धरला तर तो त्याच्या बापावर ढकलणार, आई तिच्या बापावर. सगळ्यांनी मिळून तिला फसवलं होतं आणि फसवलं असं एकालाही वाटत नव्हतं.

आणि मग, रडता रडताच, तिला आपले आकडे आठवले. पंच्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर. सात वेळा. खाटकाचे किडे शिळे नव्हते, मामा बशा स्वच्छ धूत होते, गूळ चांगला होता आणि हात चुकत नव्हता. किड्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे औषध नव्हे. तिनं किड्यांना खोटं ठरवलं होतं.

दोन वाजता परीक्षक बारा नंबरच्या बोर्डापुढं आले तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. पाठ केलेलं भाषण तिनं बाजूला ठेवलं. सांगितलं की या पोस्टरवर शेवटी लिहिलंय, ‘प्रयोगात त्रुटी असण्याची शक्यता,’ ते वाक्य चूक आहे, ते खोडून वाचावं. बोरीच्या सालीनं जंत मरत नाहीत. सात प्रयोगांत तेच आलं आणि आता औषधवाल्यांनीही ते कबूल केलं आहे. चूक प्रयोगात नव्हती, माहिती गोळा करण्यात होती. मेंढपाळाच्या घरात औषध विचारायचं तर विचारणारी त्या घरची लेक असता कामा नये, कारण लेकीला खोटं सांगायची रीत आहे. सुनेला विचारावं. नाहीतर ज्याच्याकडं एकही मेंढरू नाही अशा माणसाला धाडावं. हे तिला ठाऊक असायला हवं होतं, कारण ती त्याच घरातली आहे. आणि त्याच घरातली असल्यामुळंच ते तिला ठाऊक नव्हतं.

एका परीक्षकानं विचारलं की मग पुढं काय करणार. ती म्हणाली, माणमधल्या लेकींना त्यांच्या बापांनी सांगितलेली औषधं आणि सासरी कळलेली औषधं वेगवेगळी लिहून घेणार, आणि दोन्ही बशांत घालून बघणार. पांढऱ्या केसांच्या बाईंनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय, हे सोनमला वाचता आलं नाही.

निकाल चारला लागला. पहिला नंबर तासगावच्या बेदाण्याला गेला, दुसरा साईराजला. सोनमला प्रमाणपत्र मिळालं, जे आलेल्या प्रत्येकाला मिळतं.

निघायच्या वेळी उदयसिंहांनी गाडी फाटकाशी आणली. बिराप्पा मात्र गाडीत न बसता हॉलच्या पायरीवर बसून राहिला होता. सोनम पोस्टर गुंडाळून बाहेर आली तशी त्यानं शेजारची जागा हातानं झाडली. ती बसली. परीक्षकांपुढं ती बोलत होती तेव्हा तो खांबाआड उभा राहून सगळं ऐकत होता, हे तिला माहीत होतं. त्यातलं त्याला किती कळलं हे माहीत नव्हतं.

“खुरीचं औषध सांगू?” तो एकदम म्हणाला. “मेंढराचा पाय सडतो, त्येचं. खरं. कुनाला सांगितलं न्हाई. तुज्या आईला बी न्हाई.”

सोनमनं प्रदर्शनाचं माहितीपत्रक पालथं घातलं आणि पेन काढलं.

“सांगा. पर मी तपासून बघनार.”

“इस्वास न्हाई व्हय गं, आज्जावर?”

“न्हाई,” सोनम म्हणाली.

बिराप्पानं मान हलवली. उत्तर त्याला लागलं असणार, पण तो उठून गेला नाही. गाडीचा हॉर्न एकदा वाजला. मग तो हळू आवाजात सांगू लागला, कुठलं झाड, कुठल्या महिन्यात काढायचं, मूळ घ्यायचं की पाला. विहिरीवर त्यानं सांगितलं होतं तेव्हा सोनमनं वहीवरून डोळे उचलले नव्हते, एक शब्द सुटू नये म्हणून. आता त्यानं झाडाचं नाव घेतलं तेव्हा तिचं पेन थांबलं आणि ती आधी त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिली.